टेकलेले पाय

‘ग्रँड’ या शब्दाचा मला तिटकारा आहे. आयर्लंडमध्ये हवा, चहा, प्रकृती, व्यवहार, एवढेच काय पण दफनविधीची व्यवस्था, सर्वांना हा एकच शब्द लावतात. पाऊस थांबला तरी ग्रँड आणि नाही थांबला तरी ग्रँड. पहिली काही वर्षे मी तो निमूटपणे ऐकला. त्याची किळस करायला मला डॉ. कुमुद देशकर यांनी शिकवले. त्यांच्यासमोर कोणी ‘ग्रँड’ म्हटले की त्या मान वर करून विचारीत, “ग्रँड म्हणजे किती?”

हा विनोद नव्हता. उत्तर मिळेपर्यंत त्या समोरच्याकडे पाहत राहत. आमचा तंत्रज्ञ मिक हा शेतकऱ्याचा मुलगा, दाराच्या चौकटीत वाकून शिरावे लागेल एवढा उंच. यंत्र कसे चालले आहे असे विचारले की तो सवयीने म्हणे, “ग्रँड, डॉक्टर.” वर्षभर हा प्रश्न सोसल्यावर तो सुधारला. “ग्रँड, डॉक्टर,” तो म्हणू लागला, “तीन टक्के इकडेतिकडे.” बाई त्यावर मान डोलवीत. मी पाहिलेले त्यांचे कौतुक एवढेच.

आमची कंपनी डब्लिनच्या पश्चिमेला, ल्यूकनच्या पलीकडे एका औद्योगिक वसाहतीत होती. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रांची तपासणी करणे आणि लोकांच्या जागी जाऊन मोजणी करून देणे हा तिचा धंदा. इस्पितळे, कारखाने, दंतवैद्य, असे आमचे गिऱ्हाईक. इमारत पत्र्याची. गालिचा बारमाही ओला. चहाच्या खोलीत खिडकीच्या कडेने काळी बुरशी वाढलेली असे आणि तिच्याखाली बसून माणसे सॉसेजचे रोल खात. मुंबईत तीस-एक वर्षे हेच काम करून मी निवृत्त झालो आणि शतक बदलण्याच्या जरा आधी करारावर इथे आलो. यंत्रे शुद्ध ठेवणे हे माझे काम. बाई माझ्यानंतर दोन-तीन वर्षांनी नागपूरहून आल्या. मोजलेल्या आकड्यावर सही करणे हे त्यांचे काम. ती सही मान्यताप्राप्त तज्ज्ञाचीच लागे. कंपनीत असे तज्ज्ञ एकच होते आणि ते पावणेपाच फुटांचे होते.

उंचीचा उल्लेख मी गंमत म्हणून करीत नाही. तिथल्या खुर्च्या मिकसारख्यांसाठी केलेल्या. बाई बसल्या की त्यांचे पाय अधांतरी राहत. त्यांनी नागपूरहून येताना एक सागवानी पाट आणला होता, पितळी फुले ठोकलेला. तो टेबलाखाली ठेवून त्यावर पाय टेकून त्या काम करीत. बाहेरगावच्या कामाला पाट नेता येत नसे. चिखलात घालायचे रबरी बूटही त्यांच्या मापाचे बायकांच्या दुकानात मिळाले नाहीत; मुलांच्या दुकानात मिळाले. हिरवे, वर पिवळे बेडूक काढलेले. पन्नाशीची विदुषी, डोक्याला लोकरी टोपी, सलवारीवर जाड रेनकोट आणि पायात बेडूक. गाडीत माझ्या शेजारी बसल्या की ते बेडूक हवेत लोंबत आणि वळणावर एकमेकांवर आपटत. मिकने एकदा हसून पाहिले. बाई म्हणाल्या, “पाणी आत येत नाही ना? मग बेडूक असो नाहीतर बैल असो.”

त्या प्रेमळ नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाने “आज आपण दोनशेच्या वर जमलो आहोत” असे म्हटल्याबरोबर त्या उभ्या राहिल्या, बोटाने रांगा मोजल्या आणि सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “एवढेसे आहोत आपण. काहून फुगवता जी?” पुढच्या वर्षी त्यांना निमंत्रण नव्हते. त्यांच्या ते लक्षातही आले नसावे.

चांगला आकडा पाहिला की त्यांना मळमळत असे. हे मी अलंकारिक लिहीत नाही. एखाद्या इस्पितळाच्या भिंतीचे मोजमाप अपेक्षेपेक्षा चांगले आले की त्यांचा चेहरा आंबट होई, त्या पदर नसलेल्या खांद्यावर पदर सावरल्यासारखे करीत आणि म्हणत, “शी! हे काही खरं नाही.” मी एकदा कारण विचारले. “जोगसाहेब,” त्या म्हणाल्या, “वाईट आकडा कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळणार आहे? चौकशी करावी ती चांगल्या आकड्याची. तो कोणीतरी बोलावल्याशिवाय येत नाही.”

आमच्या कंपनीत कामांची आखणी पाहणारा शैलेश नावाचा पुण्याचा तरुण होता. हसरा, गोरा, हाताखालच्यांना ‘बॉस’ म्हणणारा. मला काका म्हणे, बाईंना मॅडम. त्याने ओंगारला नवे घर घेतले तेव्हा वास्तुशांतीला आम्हा सर्वांना बोलावले. त्या दिवसांत आपली माणसे घराखेरीज दुसरे काही बोलत नसत. कोणाचे केवढ्याला, कोणाचे वाढून केवढे झाले, ॲडम्सटाउनला शेतांवर म्हणे गावच्या गाव उभे राहणार, तिथे आधीच नाव घालून ठेवावे. प्रसादाचा शिरा हातात घेऊन माणसे भिंतींना थापट्या मारून पाहत होती. मला ते दृश्य ओंगळ वाटले.

बाईंनी आहेर आणला होता. काळ्या प्लास्टिकची, बाटलीच्या झाकणाएवढी एक डबी. शैलेशच्या बायकोने, मृणालने, ती उलटसुलट करून पाहिली.

“मॅडम, हे काय? उदबत्तीचं घर?”

“रेडॉन मोजायची डबी. या देशात जमिनीतून किरणोत्सर्गी वायू घरात येतो. दिसत नाही, वास नाही. छातीत जाऊन बसतो. बाळ ज्या खोलीत झोपतं तिथे तीन महिने ठेव. मग मला परत दे.”

शैलेश हसला. “मॅडम, वास्तुशांत झालीये आत्ताच. आता काय राहिलंय घरात?”

“तेच तर बघायचं आहे,” बाई म्हणाल्या आणि शिरा खाऊ लागल्या.

तीन महिन्यांनी डबी परत आली. बाईंनी ती तपासून आणली आणि चहाच्या खोलीत शैलेशला गाठले. मी तिथे होतो.

“डबी कुठं ठेवली होतीस?”

“बाळाच्या खोलीत. काय आलं? ग्रँड ना?”

“फार ग्रँड. इतका कमी आकडा घराचा नसतो, बापू. अंगणाचा असतो. बाहेर टांगली होतीस.”

शैलेशच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले. तो म्हणाला, “मॅडम, समजा जास्त आला असता, तर तो कागद घरामागे लागला असता. उद्या विकायला काढलं तर? शेजारी ऑलरेडी विचारत होते, हे काय लावलंय म्हणून. मी म्हटलं, उगाच कशाला.”

“तुझं बाळ झोपतं तिथे.”

“त्याला काय कळतंय?”

बाई उठल्या आणि सिंकपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिल्या. त्यानंतर त्यांनी शैलेशच्या हातचा चहा कधी घेतला नाही. मृणालला मात्र त्यांनी परस्पर दुसरी डबी दिली. तिचे काय झाले ते मला ठाऊक नाही.

आता त्या चिलखती गाडीची हकिगत.

आमचा मालक डेक्लन आल्यागेल्याला सांगत असे की आयर्लंड तटस्थ देश आहे. तटस्थ देशात दुसऱ्यांच्या युद्धाचे सामान तपासताना प्रश्न कमी विचारले जातात, हे तो सांगत नसे. परदेशातल्या एका कारखान्याने चिलखती गाडी बनवली होती. पुढे दोघे, मागे आठ सैनिक, समोरासमोरच्या दोन बाकांवर. अणुभट्टी फुटली किंवा बाँब पडला की किरणोत्सर्गी धूळ जमिनीवर बसते आणि तिच्यातून गॅमा किरण निघत राहतात. त्या जमिनीवरून ही गाडी माणसांना घेऊन जाणार. बाहेर उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाला जितका मारा बसेल त्याचा कितवा हिस्सा आत बसलेल्याला बसतो, एवढे मोजून द्यायचे होते. आकडा दहा आला तर आत दहावा हिस्सा. आकडा मोठा, तर गाडी चांगली. गाडी चांगली, तर ती विकली जाणार.

चिलखत गोळीसाठी असते आणि गोळी समोरून, बाजूने येते. त्यामुळे पोलाद तिथे जाड घालतात आणि पोट पातळ ठेवतात. धूळ मात्र पोटाखाली असते. ही गोष्ट बाईंनी डेक्लनला पहिल्याच बैठकीत सांगितली. तो म्हणाला, “ग्रँड.” बाईंनी ‘किती’ विचारले नाही. नुसते पाहिले.

मोजणीसाठी देशाच्या मध्यभागी एक बंद पडलेली दगडाची खाण भाड्याने घेतली. पद्धत साधी आहे. शिशाच्या पेटीत बंद असलेला किरणोत्सर्गी तुकडा दुरून तारेने बाहेर सरकवायचा. आधी गाडीशिवाय मोजायचे. मग गाडी आणून, तिच्याभोवती आणि तिच्याखाली ठरलेल्या जागी तो तुकडा नेत पुन्हा मोजायचे. आत प्रत्येक जागेवर पाण्याने भरलेला प्लास्टिकचा पुतळा बसवायचा, त्याच्या छातीत मोजणीयंत्र. माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. किरणांना तेवढेच समजते.

बाईंची यात एक रीत होती. तुकडा पेटीत कुलूपबंद असताना, पुतळे बसवण्यापूर्वी, त्या स्वतः प्रत्येक जागेवर जाऊन बसत. दार लावून घेत. कोणतेही वाहन असो, खोली असो, इस्पितळातला पलंग असो, आधी त्या तिथे जाऊन बसत किंवा निजत. अशा गाड्यांत आत किती घाण असते याची बाहेरच्यांना कल्पना नसते. डिझेल, जुना घाम, कुजलेले रबर आणि कोणाच्या तरी ओकारीचा मुरलेला दर्प. मिक नाक धरून म्हणे, “डॉक्टर, पुतळे बसतील ना. त्यांना वास येत नाही.”

“म्हणूनच मला बसायचं आहे,” बाई म्हणत. “पुतळ्याला कुठं टोचतं ते विचारता येत नाही.”

मोजणीच्या पहिल्या दिवशी मात्र त्या खाणीवर नव्हत्या. एका इस्पितळात त्याच दिवशी तातडीचे काम निघाले. थांबावे, असे त्यांनी सांगितले होते. खाणीचे भाडे चालू होते आणि गाडी न्यायला ट्रक यायचा होता, म्हणून डेक्लनने थांबू दिले नाही. पुतळे शैलेश आणि मिक यांनी बसवले. मी बाहेर यंत्रांपाशी होतो. दिवसभर बारीक पाऊस पडत होता. संध्याकाळी आकडे आले. पुढच्या दोन जागांचे बेताचे. मागच्या आठ जागांचे फार चांगले. इतके चांगले की डेक्लनने शैलेशच्या पाठीवर थाप मारली आणि शैलेशने तिथल्या तिथे कारखान्याला आकडे कळवून टाकले. तिकडून आभारही आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खाणीवर आल्या. मी आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते वाचले आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

“बाप्पा! मागच्या जागा पुढच्यापेक्षा चांगल्या? पोट पातळ, आणि मागे चांगल्या? काहून?”

“यंत्रे मी रात्री पुन्हा तपासली,” मी म्हणालो. “बरोबर आहेत.”

“तुमच्या यंत्रांबद्दल नाही बोलत मी,” त्या म्हणाल्या आणि गाडीकडे चालू लागल्या.

आधी त्या चालकाच्या जागेवर बसल्या. नेहमीप्रमाणे बेडूक लोंबले. मग शेजारच्या जागेवर. तिथेही लोंबले. मग मागे गेल्या आणि डाव्या बाकाच्या टोकाला बसल्या. मी मागच्या उघड्या दाराशी उभा होतो. त्या बसल्या आणि हलेनाशा झाल्या. क्षणभर मला वाटले त्यांना बरे वाटत नाही. त्या खाली पाहत होत्या.

“जोगसाहेब,” त्या हळूच म्हणाल्या, “माझे पाय टेकले.”

मला समजले नाही.

“अहो, या बाकाची उंची पुढच्यासारखीच आहे. पुढे माझे पाय हवेत होते. उभ्या आयुष्यात अशा गाडीत माझे पाय टेकलेले नाहीत. इथे काहून टेकले?” मग त्यांनी मिकला हाक मारली. “ही रबरी चटई उचल.”

मिकने चटईची कड धरून ओढली. खाली पोलादाचे पत्रे होते. एकावर एक रचून, बोल्ट मारून पक्के केलेले, तीन बोटे जाड, दोन्ही बाकांमध्ये आणि बाकांखाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कारखान्याने आधी रस्त्यावरची चाचणी घेतली होती. आठ माणसे आणि त्यांचे सामान यांच्या वजनाऐवजी हे पत्रे टाकले होते. ते काढायचे राहिले, किंवा काढले नाहीत. आम्ही आठ माणसांना या पत्र्यांच्या आडोशाला बसवून मोजले होते. लढाईला जाताना पत्रे जाणार नव्हते. माणसे जाणार होती.

यंत्र बरोबर होते. आकडा बरोबर होता. गाडी खोटी होती.

खाणीच्या तोंडाशी डब्यासारखी एक तात्पुरती खोली होती, तिथे बैठक झाली. डेक्लनने पत्र्यांची गोष्ट ऐकून घेतली, कारखान्याला फोन लावला, बाहेर पावसात उभा राहून बोलला आणि हसत आत आला.

“त्यांना चालतं,” तो म्हणाला. “आकडा आहे तसा राहू द्या म्हणतात.”

“कोणाला चालतं?” बाईंनी विचारले. “मागे बसणाऱ्याला विचारलं?”

“हे पाहा, डॉक्टर. पत्रे माणसांच्या वजनाचे आहेत. माणसं बसली की तेवढंच वजन होणार. आणि माणसाचं शरीरही किरण अडवतंच. तुम्हीच सांगता, माणूस म्हणजे पाणी.”

शैलेशने लगेच मराठीत भर घातली. “मॅडम, टेक्निकली चुकीचं नाही. एकाच्या बॉडीचा दुसऱ्याला आडोसा मिळतोच की. वजन तेवढंच, थोडं ॲडजस्ट करू.”

त्या वेळी बाईंच्या तोंडावर जे भाव आले ते मी आजवर दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिले नाहीत. सडलेल्या वस्तूत बोट जावे तसे. त्यांनी उत्तर इंग्रजीत दिले, म्हणजे ते सर्वांना समजावे.

“शेजाऱ्याच्या आतड्यांनी अडवलेला किरण तुम्ही गाडीच्या नावावर जमा करणार? आणि पत्रे माणसांसारखेच असतील, तर नाताळला त्यांना घरी जायचं तिकीट काढून द्या. त्यांच्या आईला कळवा.”

मिक उठून बाहेर गेला.

फेरमोजणीला डेक्लनने नकार दिला. ट्रक दुपारी येऊन गाडी घेऊन गेला, पत्र्यांसकट. तेव्हा बाईंनी आपली अट सांगितली. आकडे आहेत तसे छापा. खाली एकच वाक्य घाला: मागील आसनांचे आकडे तळावरील पोलादी पत्र्यांसह मोजलेले आहेत, पत्र्यांविना मोजणी केलेली नाही. वाक्य असेल, तर सही मिळेल.

पुढचे काही आठवडे कंपनीत त्या एका वाक्यावर जे चालले ते आठवले तरी मला किळस येते. वाक्य परिशिष्टात घालू. वाक्य बारीक अक्षरांत घालू. ‘पोलादी पत्रे’ न म्हणता ‘भारित अवस्था’ म्हणू. शिकलेली माणसे दिवसचे दिवस एका साध्या खऱ्या वाक्याला कुठे पुरावे याची चर्चा करीत होती, आणि मध्ये मध्ये बिस्किटे खात होती. बाई प्रत्येक वेळी मसुदा वाचून परत देत. “पत्रे कुठं आहेत?” एवढेच विचारीत.

त्या काळी कामाचा परवाना मालकाच्या नावे निघत असे. मालकाने नूतनीकरण केले नाही की माणसाने देश सोडायचा. बाईंचे यजमान पूर्वीच गेलेले. मुलगा अमेय इथल्या शाळेत शेवटच्या वर्षाला होता. परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात. हे सर्वांना माहीत होते. शैलेशलाही माहीत होते. एक दिवस चहाच्या खोलीत तो त्यांच्या शेजारी येऊन बसला.

“मॅडम, तुमचं परमिट पुढच्या महिन्यात रिन्यूला येतंय ना?”

“धमकी देतोस की आठवण?”

“छे हो, काळजी वाटते. अमेयची लीव्हिंग सर्टची परीक्षा आहे. डेक्लन जरा अपसेट आहे, तुम्हाला माहितीये तो कसा आहे. एका वाक्याचा तर प्रश्न.”

“एका वाक्याचाच आहे,” बाई म्हणाल्या. “मग घाला ना.”

“मॅडम, त्या गाडीत आपलं कोणी बसणार आहे का?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. त्यांचा आवाज चढला नाही. “तू तर तुझं बाळ झोपतं तिथेही मोजू दिलं नाहीस. तुझं ‘आपलं’ म्हणजे किती, ते मला समजलं आहे.”

शैलेश उठून गेला. कप तिथेच टाकून गेला, नेहमीप्रमाणे.

त्या आठवड्यात मी बाईंना विचारले, अमेयशी बोललात का. मी सहसा कोणाच्या घरचे विचारीत नाही.

“बोलले,” त्या म्हणाल्या. “सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, भांडेल. त्याचे मित्र आहेत इथे, त्यांचा तो कसला हर्लिंग खेळायचा संघ आहे. ऐकून घेतलं. मराठी समजतं त्याला, पण बोलतो त्यांच्यासारखं इंग्रजी. मला म्हणाला, मागे किती जण बसतात? मी म्हटलं, आठ. म्हणाला, मग मला काय विचारतेस?”

एवढे सांगून त्या पाटावर पाय ठेवून कामाला लागल्या. पाट किंचित कुरकुरत होता. मी माझ्या खोलीत गेलो.

परवान्याचे नूतनीकरण झाले नाही. काम कमी झाले आहे, असे कारण डेक्लनने दिले; काम कमी झाले नव्हते. गाडीच्या अहवालावर बाहेरच्या एका तज्ज्ञाने सही केली. त्याने खाण पाहिली नव्हती, गाडी पाहिली नव्हती. अहवालाची प्रत पुढे यंत्रांच्या नोंदीसाठी माझ्याकडे आली. मागच्या आठ जागांचे आकडे पहिल्या दिवशी आले तेच होते. वाक्य नव्हते. सहीला माझी अर्हता नव्हती, त्यामुळे मला कोणी विचारले नाही. मी त्या प्रतीवर माझ्या यंत्रांचे क्रमांक होते ते तपासले आणि ती परत केली. करार संपला तेव्हा तो वाढवू नका, असे कळवले.

अमेयचे एक वर्ष गेले. नागपुरात त्याला सगळे पुन्हा करावे लागले. बाईंनी हे मला कधी सांगितले नाही, मिककडून कळले. त्याला अमेयची पोस्टकार्डे येत.

शैलेशला बढती मिळाली. बाईंची खोली त्याला मिळाली आणि त्या खोलीत मागे राहिलेला त्यांचा पाट त्याने मागच्या दाराला पाचर म्हणून लावला, कारण ते दार आपोआप बंद होई. माणसे सिगारेट ओढायला त्या दाराने जात आणि पाटावर बूट पुसत. पितळी फुलांत चिखल बसला. मी तो एकदा उचलून आत ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात होता. तिसऱ्यांदा तो मिकने उचलला आणि आपल्या गाडीत टाकून घरी नेला. शैलेशने विचारल्यावर म्हणाला, “तुझं दार आता ग्रँड राहील. एखादा पोलादी पत्रा लाव.”

बाई गेल्या त्या दिवशी ल्यूकनच्या बसथांब्यावर मी गेलो होतो. विमानतळाकडे जायला आधी शहरात जावे लागे. मिक गाडीने सोडतो म्हणाला होता. त्यांनी नको म्हटले. सामान बेताचे होते. अमेय कानात गाण्याच्या तारा घालून पावसात उभा होता. बाईंच्या पायात तेच हिरवे बूट होते. पेटीत मावले नाहीत, म्हणाल्या.

काही बोलायला हवे म्हणून मी म्हणालो, “त्या गाड्या कदाचित कधी अशा जमिनीवर जाणारही नाहीत.”

“नाही जाणार,” त्या म्हणाल्या. “बहुतेक नाहीच जाणार. म्हणूनच त्यांना खोटं लिहिण्याची हिंमत झाली.”

बस आली. माझी चौकशी करण्याची त्यांची रीत नव्हती, त्या दिवशीही केली नाही. “यंत्रं सांभाळा,” म्हणाल्या आणि चढल्या.

बस भरलेली होती. त्यांना दाराजवळची, चाकावरची जागा मिळाली. अमेय दांडा धरून उभा राहिला. काचेवर वाफ होती. बाईंनी ती हाताने पुसली. मला वाटले, माझ्यासाठी पुसली. पण त्यांनी बाहेर पाहिले नाही. बसल्याबरोबर त्यांनी खाली, आपल्या पायांकडे पाहिले. पाय हवेत होते. बेडूक लोंबत होते.

तेव्हा त्यांनी मान डोलवली, मिकच्या ‘तीन टक्के इकडेतिकडे’वर डोलवीत तशी, आणि बस निघाली.